मुतखडा पुन्हा पुन्हा का होतो? मदत हवी आहे

मंडळी, चार वर्षांत हा तिसरा खडा. ५ मिमीचा, तपकिरी, काटेरी. गाळणीत सापडला तेव्हा एवढ्याशा वस्तूने रात्रभर लोळवलं यावर विश्वास बसेना. तपासणीत कॅल्शियम ऑक्सलेट निघालं. मी लगेच दूध सोडलं, तर डॉक्टर म्हणाले, उलटंच केलंत! जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्सलेटला धरून ठेवतं. ते कमी झालं की ऑक्सलेट जास्त शोषलं जाऊन लघवीत उतरतं. कमी करायचं ते मीठ.

हे पटलं. पण लघवी दिवसाला अडीच लिटर होईल इतकं पाणी पितोय (हो, मोजलीय), तरी खडा धरतोच कसा? सायट्रेट (लघवीतला खडा धरू न देणारा घटक) कमी पडत असेल का? २४ तासांची लघवी कुणी तपासून घेतलीय? नमुना रोजचंच खाऊनपिऊन द्यायचा की पथ्यावर असताना?