ट्यूब ॲम्पचा स्टँडबाय स्विच: सुरुवातीला किती थांबावे आणि मध्ये किती वेळ ठेवावा?

तारसप्तक:

नमस्कार. माझ्याकडे मार्शलच्या जेटीएम४५ च्या धर्तीवर एका स्थानिक कारागिराने बांधलेला गिटार ॲम्प आहे. त्यात स्पीकरला ताकद देणाऱ्या दोन केटी६६, पुढच्या भागात सिग्नल वाढवणाऱ्या ईसीसी८३ आणि रेक्टिफायर म्हणून, म्हणजे एसीचे डीसी करायला, जीझेड३४ अशा ट्यूब आहेत. देताना त्यांनी बजावले होते की मेन स्विच लावल्यावर निदान दोन मिनिटे स्टँडबायवर थांबायचे आणि बंद करतानाही आधी स्टँडबाय, मग मेन, हाच क्रम ठेवायचा. नाही तर ट्यूब लवकर जातील. तेव्हापासून मी हे पाळतो. वाजवताना मध्येच कोणी आले किंवा जेवायला उठलो, तर ॲम्प बंद न करता स्टँडबायवर टाकतो आणि कधीकधी तो तास-दोन तास तसाच राहतो.

अलीकडे मात्र स्टँडबायवरून ‘प्ले’वर घेताना जीझेड३४ च्या आत क्षणभर निळसर ठिणगी दिसते, स्पीकरमधून ‘थड्’ असा आवाज येतो आणि मागच्या आठवड्यात फ्यूजही उडाला. दुसरीकडे, मित्राच्या जुन्या फेंडर चँपला स्टँडबाय स्विचच नाही आणि त्याच्या ट्यूब उत्तम चालल्या आहेत. मग हा स्विच नेमका कशासाठी असतो? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना_व्हॉल्व्ह:

आपण दिलेल्या वर्णनावरून मला असे वाटते की ज्या सवयीने ट्यूब वाचतील असे आपल्याला सांगण्यात आले, त्याच सवयीने आपला रेक्टिफायर मार खातो आहे.

ट्यूबला दोन प्रकारचा पुरवठा लागतो. एक हीटरचा (ट्यूब तापवणाऱ्या तारेचा), म्हणजे केटी६६ आणि ईसीसी८३ साठी ६.३ व्होल्ट, आणि दुसरा प्लेटचा (तापलेल्या कॅथोडमधून निघणारे इलेक्ट्रॉन ओढून घेणाऱ्या भागाचा), जो आपल्या ॲम्पमध्ये चारशे व्होल्टांच्या वर असणार. स्टँडबाय स्विच हीटर चालू ठेवून फक्त हा दुसरा पुरवठा तोडतो. तो कुठे तोडतो, यावर सगळे अवलंबून आहे. स्विच रेक्टिफायर आणि त्यापुढचा पहिला फिल्टर कॅपॅसिटर (डीसी सपाट करणारा) यांच्यामध्ये असेल, तर आपण स्टँडबायवर थांबता तेव्हा जीझेड३४ चा कॅथोड पूर्ण तापलेला असतो आणि कॅपॅसिटर मात्र रिकामा असतो. खटका ओढला की तो रिकामा कॅपॅसिटर एका दमात भरण्यासाठी जो प्रवाह धावतो, त्याला अडवायला ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीचा आणि ट्यूबचा स्वतःचा रोध यांपलीकडे फारसे काही नसते. जीझेड३४ साठी पहिल्या कॅपॅसिटरची कमाल मर्यादा ६० मायक्रोफॅरड दिलेली असते, ती उगीच नव्हे. आपल्याला दिसणारी ठिणगी म्हणजे आत होणारी आर्किंग, म्हणजे दोन भागांमधून उडी मारणारी वीज आहे आणि फ्यूजही बहुधा त्याच पायी उडाला असावा.

आता हाच स्विच कायम ‘प्ले’वर ठेवून फक्त मेन स्विच लावला, तर काय होईल ते पाहा. जीझेड३४ चा कॅथोड हीटरपासून वेगळा आहे, त्यामुळे त्याला तापायला काही सेकंद लागतात आणि तो तापत जातो तसतसा कॅपॅसिटर हळूहळू भरत जातो. जे काम आपण हाताने करू पाहत होता, ते ही ट्यूब स्वतःच करते. कृपया उडालेल्या फ्यूजच्या जागी जास्त अँपिअरचा फ्यूज घालू नये, एवढे मात्र आवर्जून सांगतो.

आपल्याकडच्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्यूबच्याच, रेडिओंना असा स्विच कधीच नसे. बटण फिरवायचे, बातम्या सुरू व्हायच्या आधी अर्धा मिनिट डायलच्या दिव्याकडे बघत बसायचे, एवढाच विधी होता, आणि ते व्हॉल्व्ह वर्षानुवर्षे टिकत.

मंद्र_षड्ज:

वरच्या प्रतिसादातील रेडिओचे उदाहरण मला पूर्णपणे पटत नाही. त्या रेडिओंमध्ये ईझेड८० सारखे सावकाश तापणारे रेक्टिफायर असत आणि प्लेटचे व्होल्टेजही गिटार ॲम्पच्या जवळपास निम्मे असे. रेक्टिफायर म्हणून डायरेक्ट हीटेड (तापणारी तारच कॅथोड असलेली) ५यू४, किंवा हल्ली सर्रास दिसणारे, तापावेच न लागणारे सिलिकॉन डायोड असले, तर ट्यूब थंड असतानाच प्लेटवर पूर्ण दाब येऊन बसतो. अशा वेळी कॅथोडवरचा ऑक्साइडचा थर ओरबाडला जातो, ज्याला कॅथोड स्ट्रिपिंग म्हणतात, असे मी अनेक ठिकाणी वाचले आहे. मग निदान अशा ॲम्पमध्ये तरी स्टँडबाय आवश्यकच ठरत नाही का?

जुना_व्हॉल्व्ह:

रेक्टिफायरच्या बाबतीत आपला मुद्दा रास्त आहे, म्हणूनच मी वर जीझेड३४ पुरतेच बोललो. कॅथोड स्ट्रिपिंगची भीती मात्र प्रक्षेपण केंद्रांतील मोठ्या ट्यूबांकडून आपल्याकडे आलेली आहे. तिथे प्लेटवर हजारो व्होल्ट असतात, आणि ८६६ए सारख्या पाऱ्याच्या वाफेच्या रेक्टिफायरला तर आधी तापवणे सक्तीचेच असते. चारशे-साडेचारशे व्होल्टांवर चालणाऱ्या केटी६६ किंवा ईएल३४ मध्ये कॅथोडपाशी पोहोचणारे विद्युत क्षेत्र इतके दुबळे असते की त्याने थर निघून येण्याची चिंता करण्याचे कारण नाही.

याच्या उलट, कॅथोड तापलेला आणि प्रवाह शून्य अशी स्थिती तासन् तास राहिली, तर खरोखरच बिघाड होतो. कॅथोडची निकेलची नळी आणि तिच्यावरचा ऑक्साइड यांच्या सीमेवर रोध निर्माण करणारा एक पातळ थर साचतो आणि ट्यूबची ताकद उतरते. हे गिटारवाल्यांना नव्हे, तर पहिल्या संगणकांवर काम करणाऱ्यांना आधी जाणवले, कारण तिथे शेकडो ट्यूब तापलेल्या पण बंद अवस्थेत पडून असत. १९४० च्या दशकाच्या अखेरीस एमआयटीमधील व्हर्लविंड संगणकाच्या कामात या दुखण्याचे मूळ निकेलमधील सिलिकॉनमध्ये सापडले आणि पुढे संगणकांसाठी सिलिकॉन अत्यल्प असलेल्या कॅथोडच्या ट्यूब बनू लागल्या. दहा मिनिटांच्या स्टँडबायने काही बिघडत नाही; तारसप्तक यांचे तास-दोन तास मात्र मला नापसंत आहेत. पाच-दहा मिनिटांसाठी व्हॉल्यूम शून्यावर आणावा, अर्ध्या तासाहून अधिक उठायचे असेल तर ॲम्प सरळ बंद करावा.

खर्ज:

चर्चेत एक अपवाद राहून गेला आहे आणि तो नेमका जेटीएम४५ च्या घराण्यालाच लागू पडतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मार्शलने हा ॲम्प फेंडर बॅसमनच्या ५एफ६-ए सर्किटवरून बेतला आणि त्यातील टोन कंट्रोलच्या आधीचा कॅथोड फॉलोअरही (सिग्नल प्लेटऐवजी कॅथोडवरून पुढे देणारा टप्पा) तसाच उचलला. तिथे ईसीसी८३ च्या दुसऱ्या अर्ध्या भागाची ग्रिड (प्रवाह कमी-जास्त करणारी जाळी) मधे कोणताही कॅपॅसिटर न घालता थेट पहिल्या भागाच्या प्लेटला जोडलेली असते. ट्यूब तापलेली असताना ग्रिड आणि कॅथोड दोन्ही शंभर-दोनशे व्होल्टांवर, जवळजवळ बरोबरीने असतात, त्यामुळे काही त्रास नसतो. पण ट्यूब थंड असताना प्लेटचा पुरवठा आला, तर पहिला भाग प्रवाह घेत नसल्याने ग्रिड थेट पुरवठ्याच्या पूर्ण व्होल्टेजवर जाऊन बसते आणि कॅथोड शून्यावर राहतो. केसभर अंतरावरच्या या दोन भागांमध्ये चारशे व्होल्ट आले की आत ठिणगी पडू शकते आणि ती ट्यूब हळूहळू कुरकुर करू लागते.

जीझेड३४ सावकाश तापत असल्यामुळे स्विच ‘प्ले’वर ठेवूनही आपण यातून बचावाल. जीझेड३४ वारंवार जाते म्हणून तिच्या सॉकेटात बसणारा सिलिकॉनचा प्लग लावण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. तो आपण घेतलात, तर मात्र हा धोका त्याच क्षणी सुरू होईल. शिवाय ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी ३४५-०-३४५ व्होल्टांची असेल, तर ट्यूब प्रवाह घेऊ लागेपर्यंत कॅपॅसिटरवर ३४५ गुणिले १.४१४, म्हणजे सुमारे ४८८ व्होल्ट चढतील. मुख्य पुरवठ्यातले कॅपॅसिटर ४५० व्होल्टांचे असतील, तर ते याला पुरे पडणार नाहीत.

यावरचा उपाय किरकोळ आहे. कॅथोड फॉलोअरच्या ग्रिडकडे ॲनोड आणि कॅथोडकडे कॅथोड, असा एक १एन४००७ डायोड तिथेच सॉकेटवर जोडावा. थंड अवस्थेत ग्रिड वर जाऊ लागली की तो कॅथोडलाही सोबत वर घेऊन जातो. वाजवताना तो उलट्या दिशेने असल्याने आवाजात ढवळाढवळ करत नाही.

तारसप्तक:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. झाकण उघडून पाहिले. स्विच खरोखरच जीझेड३४ आणि पहिल्या कॅपॅसिटरच्या मध्ये आहे. आता तो ‘प्ले’वरच राहू देईन. आणखी दोन शंका आहेत. बंद करतानाही स्टँडबायला हात लावायचा नाही का? आणि आमच्या भागात संध्याकाळी मेन्स कधीकधी २५० व्होल्टांपर्यंत चढते, त्याचा ट्यूबवर काही परिणाम होतो का?

खर्ज:

मेन्सचे आधी सांगतो. ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टांवर जोडलेला असेल, तर २५० ला हीटरवर ६.८५ व्होल्ट येतात. सहसा मान्य असलेली मर्यादा दहा टक्के, म्हणजे ६.९३ आहे. आपण काठावर आहात, पण पलीकडे नाही. ट्रान्सफॉर्मरला २४० व्होल्टांची वायर असेल, तर ती वापरणे उत्तम.

बंद करताना सरळ मेन स्विच बंद करावा. ‘प्ले’वर असलेल्या गरम ट्यूब थोडा वेळ प्रवाह घेत राहतात आणि कॅपॅसिटर बऱ्याच अंशी रिकामे करतात. आधी स्टँडबायवर टाकले, तर काही ॲम्पमध्ये स्विचच्या अलीकडे असलेल्या कॅपॅसिटरमधला भार तसाच अडकून राहतो आणि पुढे झाकण उघडणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतो.

आपण ॲम्प उघडलाच आहे, म्हणून आणखी दोन कामे कारागिराकडून एकाच वेळी करून घ्यावीत. जीझेड३४ च्या प्रत्येक प्लेटच्या तारेत दोन-दोन १एन४००७ मालेत (एकापुढे एक) घालावेत, म्हणजे ती ट्यूब आतून शॉर्ट झाली तरी ट्रान्सफॉर्मर वाचेल. एकेकच डायोड घातला तर उलट दिशेने येणारे सुमारे ९७६ व्होल्ट त्याच्या हजार व्होल्टांच्या मर्यादेला जाऊन भिडतात. दुसरे, पहिल्या कॅपॅसिटरवर १०० किलोओहम, २ वॅटचे दोन रोधक मालेत जोडून ते ॲम्पच्या ग्राउंडला द्यावेत. त्यामुळे मेन बंद केल्यावर मिनिट-दोन मिनिटांत भार उतरतो. तरीही आत हात घालण्यापूर्वी प्लग भिंतीतून काढून, मल्टिमीटर डीसीवर लावून त्या कॅपॅसिटरवर किती व्होल्ट उरले आहेत ते प्रत्येक वेळी मोजावे.