बसला ट्रकची धडक, दावा कोणावर?

नवले पुलाच्या उतारावर आमच्या बसला मागून ट्रकने ठोकलं. आईचं उजवं मनगट मोडलं. तिचा पोळ्यांचा धंदा, तो बंद. ट्रकवाला म्हणतो, बसनेच अचानक ब्रेक मारला. आम्ही भांडायचं कोणाशी?

— दोघांशी. दोन्ही गाड्यांचे मालक आणि विमा कंपन्या, सगळ्यांना प्रतिवादी करा. सुप्रीम कोर्टाच्या २०१५ च्या खेन्येई निकालानुसार प्रवाशाला पूर्ण भरपाई कोणाही एकाकडून वसूल करता येते. वाटणी ते आपसात बघतील. मोटार वाहन कायद्याचं कलम १६६, मुदत सहा महिने. रेंगाळू नका.

— तिकीट जपा! माझं धुण्यात गेलं होतं. आणि पोळ्यांच्या कमाईचा पुरावा?

— वही आहे. पण आईचं अक्षर फक्त आईलाच लागतं.