कोरल पांढरं पडलं तर मासे जातात कुठे? (ग्रँड आयलंड)

डिचोलीचा_मास्तर

शाळेत विज्ञान शिकवतो, पण समुद्राखाली डोकं घातलं ते यंदा मे महिन्यात, भाच्याच्या हट्टापायी. गोव्यातल्या वास्कोजवळच्या ग्रँड आयलंडला गेलो होतो. पाणी चांगलंच कोमट. खाली पत्ताकोबीच्या पानांसारखं पसरलेलं कोरल (प्रवाळ), आणि त्यातलं बरंचसं पांढरंफटक. मासे मात्र विचारू नका! पिवळसर पाठीचे, काळ्या पट्ट्यांचे, नुसती झुंबड. होडीवरच्या पोरांनी पावाचे तुकडे टाकले की अगदी बोटांना येऊन भिडत.

आता प्रश्न. पांढरं झालं म्हणजे ते कोरल मेलं का? आणि कोरल मेलं तर मासे जातात म्हणे, मग तिथे एवढे कसे होते? जून सुरू झाला की नववीच्या वर्गाला पर्यावरण शिकवायचं आहे. पुस्तकात प्रवाळाचं चित्र ऑस्ट्रेलियाचं आहे. आपल्या दारातलं काही सांगता आलं तर बरं.

वास्कोकर७

गोव्यात कसलं आलंय कोरल, मास्तर? गढूळ पाणी, वर बार्जेस. बघायचंच तर लक्षद्वीप गाठा. आणि मासा काही खुळा नाही, पाणी तापलं की खोल जातो. उगाच बाऊ करतात लोक.

बायण्याचा_बुड्या

मास्तर, मी मूळचा मालवणचा, हल्ली बायण्याहून माणसांना पाण्याखाली नेतो. पोट त्याच्यावरच आहे, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

पांढरं म्हणजे मेलेलं नव्हे. कोरलच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, रंगही त्याचा आणि बहुतेक अन्नही त्याचंच. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानाच्या वर एखादा अंशही पाणी काही आठवडे राहिलं की कोरल ते शैवाल बाहेर टाकतं. मग पारदर्शक कातडीखालचा चुन्याचा सांगाडा दिसतो, तेच तुमचं पांढरं, याला ब्लीचिंग म्हणतात. म्हणजे उपाशी, पण जिवंत. पाणी वेळेवर निवलं तर रंग परत येतो. ओळखायची खूण सांगतो: तोंड अगदी जवळ न्या, हात लावू नका. पांढऱ्यावर बारीक बारीक पॉलिप (ज्यांचं मिळून कोरल बनतं ते इवले जीव) दिसले तर जीव आहे. त्यावर हिरवट-तपकिरी लव धरलेली दिसली, पाण्याच्या हालचालीने ती हलतेय असं वाटलं, तर संपलं. ती लव शेवाळाची.

वास्कोकर, कोरल आहे हो इथे. पत्ताकोबीसारखं ते टर्बिनेरिया, शिवाय दगडगोट्यांसारखे पोराइटिस. गढूळ पाण्यात तग धरणाऱ्या जाती आहेत या. गढूळपणाचा थोडा फायदाच होतो, कारण ब्लीचिंगला उष्णता आणि कडक ऊन असे दोघे मिळून कारण असतात, आणि इथे ऊन गाळून खाली येतं. पण झुवारी-मांडवीचा गाळ जास्त झाला तर तोच बसून कोरल गुदमरतं. राहिलं लक्षद्वीप. तिथे 1998, 2010, 2016 आणि 2024 मध्ये ब्लीचिंग झालंय. एप्रिल 2024 मध्ये तर अमेरिकेच्या नोआ या समुद्र-हवामान संस्थेने ब्लीचिंगची जगभरातली चौथी लाट जाहीर केली.

आता मासे. खोल जातात म्हणता, पण कुठे? आपल्या बेटाभोवती थोडं खाली उतरलं की वाळू आणि चिखल. एका कोरलच्या फांद्यांत जन्मभर राहणारे छोटे डॅमसेल मासे तिथे काय करतील? शिवाय पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि त्याच वेळी माशाचं शरीर जास्त मागू लागतं. उष्ण कटिबंधातला मासा आधीच सहनशक्तीच्या काठावर जगत असतो.

मासे एकदम जात नाहीत, रांगेने जातात. आधी जातात कोरलच खाणारे. काही बटरफ्लायफिश तर पॉलिपशिवाय दुसरं फारसं काही तोंडाला लावत नाहीत. 2016 च्या ब्लीचिंगनंतर इंडो-पॅसिफिकमधल्या बटरफ्लायफिशवर लक्ष ठेवलं, तर त्यांची आपसातली भांडणं दोनतृतीयांशने कमी झालेली. भांडायला अंगात बळच नव्हतं. अन्न कमी, म्हणून लढाईच सोडून दिलेली. मला ते वाचून फार वाईट वाटलं, कारण हा मासा आपल्या तुकड्यासाठी किती तावातावाने धावतो ते मी रोज बघतो.

मग जातात फांद्यांत लपणारे. सांगाडा उभा आहे तोवर काहीजण टिकतात. लाटा, नांगर, किडे यांनी तो मोडला की बिळंच राहत नाहीत. दरम्यान शेवाळ वाढतं, ते खाणारे पोपटमासे, सर्जनफिश काही काळ उलट वाढतात! म्हणून नुसती माशांची गर्दी मोजली तर फसगत होते. तुम्ही पाहिलेली झुंबड त्याहून वेगळी. ते सार्जंट मेजर नावाचे पट्ट्यांचे मासे, पावाला चटावलेले. त्यांच्यावरून रीफची (प्रवाळखडकाची) तब्येत ओळखू नका.

पावाबद्दल एकच गोष्ट. सार्जंट मेजरचा नर खडकावर जांभळट अंड्यांचा पट्टा राखतो. त्या दिवसांत तो निळसर काळपट होतो, परांनी अंड्यांवर पाणी खेळवतो, जवळ आलेल्याच्या अंगावर धावतो. वर पाव पडला की तो उठतो. तेवढ्यात बाजूला टपलेले रास (wrasse) जातीचे मासे अंड्यांवर. मी समोर बघितलंय, पर्यटक वर टाळ्या वाजवत होते. आमच्याच धंद्यातल्या एका होडीने ऐन कोरलवर नांगर टाकलेलाही बघितलाय. होडी बांधायला बोया (तळाशी बांधलेला तरंगता पिंप) असला तर नांगराची गरजच नाही, पण बोया कोणी घालायचा यावरून वाद.

मांडवीकाठची_शैला

बुड्या, बाजाराची बाजू सांगते. माझ्या लहानपणी सासष्टीच्या घरात गोबरो (ग्रुपर मासा) आला की हुमण, म्हणजे माशाची आमटी, दोन दिवस पुरायचं, एवढे मोठे. आता हातभर मिळाला तरी विकणारी बाय फुशारकी मारते. हे कोरलमुळे की जाळ्यांमुळे?

बायण्याचा_बुड्या

शैलाताई, दोन्ही, पण गोबऱ्याच्या बाबतीत जाळी आणि गळ जास्त. बहुतेक गोबरे मादी म्हणून जन्मतात आणि मोठे झाल्यावर काही नर होतात. मोठे मोठे उचलून नेले की नर फार कमी उरतात. त्यात काही जाती अंडी घालायला ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी जमतात. लक्षद्वीपच्या बित्रा बेटापाशी असं होतं. ती जागा मच्छीमारांना कळली की काही वर्षांत खेळ खलास. आपली 1 जून ते 31 जुलैची यांत्रिक मासेमारीबंदी बऱ्याच माशांना उपयोगी पडते, पण गोबऱ्याला तेवढी पुरेशी नाही. जमलंच तर ताटात फार मोठा आणि फार लहान, दोन्ही नको म्हणा. मधला घ्या.

डिचोलीचा_मास्तर

धन्यवाद. म्हणजे मुलांना "मासे किती" न विचारता "कोणते मासे" विचारायला लावायला हवं. आणखी एक: हे पांढरं पुन्हा रंगीत होईल की नाही, हे मला डिचोलीत बसून कळायचा काही मार्ग?

बायण्याचा_बुड्या

आहे. नोआच्या कोरल रीफ वॉचचा नकाशा रोज निघतो, फुकट बघता येतो. त्यात "डिग्री हीटिंग वीक" नावाचा आकडा असतो, मागच्या बारा आठवड्यांत जमलेला ताप म्हणा. 4 च्या वर गेला की ब्लीचिंगची शक्यता, 8 च्या वर मेलेलं कोरल दिसू लागतं. तो नकाशा उपग्रहावरून वरच्या पाण्याचा असतो, खालचं प्रत्यक्ष बघायला कोणीतरी उतरावं लागतंच. आपल्याकडे पाणी एप्रिल-मेमध्ये सर्वात तापतं, मग पावसाळा येऊन निववतो. पण तोच पावसाळा खालून थंड, प्राणवायू कमी असलेलं पाणी किनाऱ्याजवळ वर आणतो. दोना पावलाच्या एनआयओने (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने) 2000 साली हे आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या उथळ समुद्रासाठी दाखवलं. म्हणजे मे संपला म्हणून खालच्या माशांचं सगळं आलबेल, असं नाही.

मुलांना आणायचं असेल तर नोव्हेंबर ते जानेवारीत आणा, पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ असतं. पाव घरीच ठेवा.

पेडण्याचा_वकील

मास्तर, एक जोडतो. किनाऱ्यावर सापडलेले कोरलचे तुकडे मुलं प्रयोगशाळेच्या कपाटात आणून ठेवतात, शिक्षकही कौतुक करतात. टणक प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मेलेला तुकडाही बाळगणं, विकणं, विकत घेणं गुन्हा ठरू शकतो. दुकानात शोभेसाठी मिळालं तरी घेऊ नका. फोटो काढा आणि भिंतीवर लावा.

वास्कोकर७

बरं बुवा. बुड्या, पुढच्या रविवारी जागा आहे का तुझ्या होडीत?

बायण्याचा_बुड्या

आता जून लागतोय, होड्या बंद. ऑक्टोबरात विचारा.