बेटावरच्या योगशिबिराला जावं का? माहेरी समुद्र असताना?

आचऱ्याची_लेक

नमस्कार. मी ठाण्यात राहते, माहेर मालवण तालुक्यातल्या आचऱ्याचं, वय ५१. योगवर्गाला सहा वर्षं जाते आहे. आमच्यातल्या चौघीजणी जानेवारीत थायलंडमधल्या को फांगान बेटावर सात दिवसांच्या शिबिराला निघाल्यात आणि मला चल म्हणतायत. विमान, राहणं, जेवण धरून खर्च लाखाच्या वर जातो. त्या बेटावर विमानतळ नाही, शेवटचा टप्पा बोटीनेच करायचा.

भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "आपल्या वाडीच्या मागे समुद्र आहे, तिथे सतरंजी टाक." त्याचं चुकत नाही. पण आचऱ्याला पाऊल टाकलं की मी आत्या असते, काकी असते, नणंद असते. कुणाकडे तरी जायचं राहिलेलं असतं, कुणीतरी खळ्यात, म्हणजे अंगणात, येऊन बसलेलं असतं.

आई गेल्या वर्षी गेली. १४ महिने अंथरुणाला खिळून होती, माझ्याकडेच. ते सगळे महिने मी फोन उशाशी घेऊन झोपले, बाहेर गेले की हातात धरून फिरले. आजही रात्री अडीचला जाग येते आणि हात फोनकडे जातो. शवासनात सगळ्या निवांत पडतात. माझे डोळे मिटतात, कान उघडेच राहतात.

मैत्रिणीने त्या बेटाचे फोटो दाखवले. एका फोटोत माणसांना धक्क्यावर उतरवून रिकामी परत निघालेली बोट होती. माझी नजर तिच्यावरच राहिली आणि छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. असं का झालं, ते मला अजून कळलेलं नाही.

म्हणून विचारते. अशा शिबिरांना जे जाऊन आलेत त्यांनी खरं सांगावं. बेटाचा म्हणून काही गुण असतो का, की घरापासून लांब कुठेही गेलं तरी तेच होतं? आणि आपल्या किनाऱ्यावर असं काही मिळण्यासारखं आहे का?

दर्यावर्दी_रत्नागिरी

ताई, मी १९ वर्षं प्रवासी जहाजावर आहे. बहामाजमधल्या नासाव बंदरात आमचं जहाज नेहमी लागतं. बंदरासमोरच पॅराडाइज आयलंड आहे. त्यावर मोठमोठी हॉटेलं आहेत, कॅसिनो आहे आणि त्याच पट्टीवर माडांच्या सावलीत शिवानंद आश्रम आहे. स्वामी विष्णुदेवानंदांनी तो १९६७ साली सुरू केला. हॉटेलांकडे पुलावरून गाड्या जातात, पण आश्रमात पाहुणे होडीने उतरतात.

सुट्टीच्या दिवशी मी तिथल्या सकाळच्या वर्गाला दोनदा बसलो. पहिल्यांदा धक्क्यावर पाय ठेवला तेव्हा एका गोऱ्या आजींनी हात जोडून "ॐ नमो नारायणाय" म्हटलं. घरापासून इतक्या लांब ते ऐकून माझा गळा दाटून आला. तिथला दिवस ठरलेला असतो. सकाळी सहाला ध्यान आणि भजन, आठला आसनं, दहाला जेवण, चारला पुन्हा आसनं, सहाला दुसरं जेवण, रात्री आठला परत भजन. कांदा-लसूण नाही. दिवसाला दोनच जेवणं, तरी भुकेची तक्रार कुणी करताना दिसलं नाही.

बेटाचा गुण म्हणाल तर मला तो पाण्यावरच्या त्या काही मिनिटांत जाणवला. होडीत बसताना लोक मोठमोठ्याने बोलत होते, उतरताना सगळे गप्प होते. कुणी गप्प बसा म्हटलेलं नव्हतं.

खळ्यातला_योग (मालवण)

ताई, "कान उघडेच राहतात" हे वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. मी लोणावळ्याला कैवल्यधामात शिकले आणि गेली २२ वर्षं मालवणात शिकवते आहे. ज्या बायकांनी घरात आजारपण काढलंय त्यांच्यात हे मी फार पाहिलंय.

आधी बेटाबद्दल. बेटामुळे आसनं सुधारत नाहीत. वाळूवर तर ती बिघडतात. तळवा खचतो, मनगट नको तेवढं वाकतं, वृक्षासनात घोटा लटपटतो. आसनांना शेणाने सारवलेल्या खळ्यासारखी जमीन नाही, आणि ती तुमच्या आचऱ्याच्या घरी आहे. फोटोतली वाळू बघून कुणी तिकीट काढू नये असं मला मनापासून वाटतं.

पण बेट दुसरं एक काम करतं. तिथे शरीराला घड्याळ सोडून भरती-ओहोटीची सवय लागते. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. तिसऱ्या दिवसापासून शिबिरातली माणसं किती वाजले हे विचारायचं सोडतात आणि पाणी कुठवर आलंय ते बघायला लागतात. वाऱ्याचंही तसंच आहे. हिवाळ्यात रात्री जमीन लवकर थंड होते, म्हणून पहाटे मतलई वारा जमिनीवरून दर्याकडे वाहतो. तेव्हा पाणी तव्यासारखं सपाट असतं. ऊन तापलं की वारा फिरतो आणि खारा वारा सुटतो. प्राणायाम मतलई असतानाच करून घ्यायचा. खारा वारा तोंडावर आला की श्वास मोजणं जमत नाही. मच्छीमार हे वारे बघूनच होडी लोटतात, तेच आपण श्वासाला लावायचं.

आणि ती रिकामी बोट. घरी आपण दर तासाला मनात ठरवत असतो, बसू की उठू, फोन बघू की नको. शेवटची बोट गेली की ते ठरवणं संपतं. तुमची छाती हलकी झाली ती त्यानेच, असं मला वाटतं. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात अभ्यासाची जागा कशी असावी याचं वर्णन आहे. जिथे बसल्यावर उठावंसंच वाटत नाही अशी जागा शोधावी, तिथे आडबाजूचा एखादा मठ असावा नाहीतर शिवालय, असं माउली सांगतात. मला दर वेळी ते वाचताना देवगडचा कुणकेश्वर आठवतो. देऊळ अगदी समुद्राला लागून आहे. पहाटे पाचला तिथे नुसतं बसून बघा एकदा.

तुम्ही ठाण्यात आहात तर जानेवारीची वाट न बघता घारापुरीला जाऊन या. सोमवारी लेणी बंद असतात, मंगळवारी जा. गेटवेवरून बोटीने साधारण तास लागतो. मोठ्या लेण्यात सगळे थेट त्रिमूर्तीकडे जातात. तुम्ही उत्तरेकडच्या दारातच थांबा. तिथे एका बाजूला नटराज आहे आणि त्याच्या समोर योगीश्वर शिव, कमळावर पद्मासनात बसलेला. हात तुटलेत, पण पाठ बघा. साधारण सहाव्या शतकातलं काम आहे हे. बेटावर जाऊन योग करणं ही बाहेरून आलेली टूम आहे असं आपल्याकडे काही जण म्हणतात, त्यांनी ती मूर्ती पाहिलेली नसते. अलीकडचं बोलायचं तर १९१८ साली श्री योगेंद्रांनी योग इन्स्टिट्यूट सुरू केलं तेसुद्धा मुंबईत, वेसाव्याच्या (वर्सोव्याच्या) समुद्रकाठी.

आता तुमच्या कानांबद्दल. चार वर्षांपूर्वी देवबागेत मी पाच दिवसांचं शिबिर घेतलं होतं. कुडाळची एक बाई आली होती, नवऱ्याचं आजारपण काढून, तो गेल्यावर. सगळ्यांचे फोन मी पहिल्याच दिवशी एका पेटीत ठेवले. मला वाटलं, आता हिला झोप लागेल. दोन रात्री ती टक्क जागी होती. फोन नसल्यामुळे उलट जास्तच घाबरली. घरी लेकीला काही झालं तर मला कळणार कसं, एवढंच तिच्या डोक्यात. चूक माझी होती. तिसऱ्या रात्री मी तिचा फोन पेटीतून काढला, तिच्या देखत आवाज मोठा केला आणि म्हटलं, "हा आज माझ्या उशाशी. वाजला की पहिल्या घंटीला मी उचलेन आणि तुला उठवेन." त्या रात्री ती सकाळी सातपर्यंत झोपली. लाटांचा आवाज तर पहिल्या दिवसापासून तोच होता.

कान उघडे ठेवण्याचं काम तुम्ही १४ महिने एकटीने केलंत. मध्ये नुसतं पाणी आलं म्हणून ते थांबणार नाही. ते काम कुणीतरी तुमच्याकडून हातात घ्यायला हवं. को फांगानला जायचं तर जा, मी अडवत नाही. पण तुमचा फोन तिथे कोण घेईल हे आधी ठरवा. शिबिरात रोज थोडं मौन आहे का ते विचारा. आणि महिनाभराचा २०० तासांचा शिक्षक अभ्यासक्रम कुणी पुढे केला तर आत्ता नको म्हणा. तुम्हाला आणखी एक परीक्षा नकोय, झोप हवी आहे.

देवबागचा

वरच्या शिबिराची जागा आमच्या शेजारची. मॅडमचं सगळं पटलं. मी पाण्याबद्दल सांगतो, कारण शिबिराच्या जाहिरातीत ते कधी लिहिलेलं नसतं.

देवबाग म्हणजे कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. पावसाचं गोडं पाणी वाळूत मुरतं आणि हलकं असल्यामुळे खाली असलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. बावीतून, म्हणजे विहिरीतून, आम्ही काढतो ते हेच. पंप लावून जोरात उपसलं की खालचं खारं वर चढतं, पाणी मचूळ होतं, आणि मग पावसाळ्यापर्यंत मचूळच राहतं. जगभरातल्या वाळूच्या लहान बेटांवर हेच गणित असतं. सिंधुदुर्ग किल्ल्यात जाऊन बघा. महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर तो बांधायला घेतला. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या विहिरी. म्हणून तिथे माणसं राहू शकली, आजही राहतात.

माझ्याकडे दोन वर्षांपूर्वी मुंबईचा एक गट उतरला होता. माणसं चांगली, पण दिवसातून तीनदा शॉवर घ्यायची. मार्चमध्ये माझ्या आईला चहाच्या पाण्यासाठी शेजारच्या बावीवर जावं लागलं. तेव्हापासून मी खोल्यांतले शॉवर काढले, बादली आणि तांब्या ठेवला. ताई, कुठेही जा, पण तिथल्या माणसांना विचारा की पाणी कुठून येतं आणि मार्च-एप्रिलमध्ये ते काय करतात. उत्तर देताना अडखळले तर दुसरी जागा बघा.

आणि पावसाळ्यात कुणी किल्ल्यावर किंवा बेटावर नेतो म्हणाला तर ऐकू नका. मे अखेरीला होड्या बंद होतात. दर्या खवळलेला असतो, तेव्हा आम्हीही घरी बसतो.

आचऱ्याची_लेक

सगळ्यांना नमस्कार. उत्तरं तीनदा वाचली. मॅडम, कुडाळच्या त्या बाईंचं वाचताना रडू आलं, बऱ्याच दिवसांनी.

मंगळवारी घारापुरीला जाऊन आले. एकटीच गेले. योगीश्वरासमोर अर्धा तास उभी होते. गर्दी त्रिमूर्तीकडे होती, मला कुणी हटकलं नाही. खांदे तुटलेत तरी मान कशी सरळ आहे! परतीच्या बोटीत फोन पर्समध्येच राहिला, बाहेर काढायचा आहे हे गेटवेला उतरल्यावर आठवलं.

रात्री भावाला फोन करून मॅडमनी लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तुझो फोन माझ्या उशाक ऱ्हवांदे. तू नीज." आईच्या आजारपणात त्याला येता आलं नव्हतं, त्याची नोकरी तशी होती. ते आम्ही दोघं कधी बोललो नाही. परवाही बोललो नाही.

थायलंडला येत नाही असं मैत्रिणींना कळवलंय. पुढच्या वर्षी कदाचित जाईन, बोटीने उतरायची इच्छा अजून आहेच.

देवबागच्या दादा, जानेवारीत पाच दिवस एक खोली मिळेल का? एकटीच येईन, वाटेत आचऱ्याला फोन देऊन. बादलीने आंघोळ करेन. मॅडम, त्या दिवसांत तुम्ही पहाटे शिकवायला येऊ शकाल का, आणि मतलई असताना बसायचं तर नेमकं कधी उठू, तेवढं दोघांनी मिळून कळवा.