नकाशावरचं एक नाव आणि नागरिकांची पत्रं

देशाची प्रतिमा घडवणं हे दूतावासाचंच काम, हा मुद्दा मला पटत नाही. दक्षिण कोरियातली ‘वँक’ ही १९९९ साली सुरू झालेली स्वयंसेवी संघटना बघा. कोरिया आणि जपान यांच्यामधल्या समुद्राचं नाव नकाशात नुसतं ‘जपानचा समुद्र’ असं छापणाऱ्या प्रकाशकांना तिचे सदस्य पत्रं लिहितात: ‘पूर्व समुद्र’ हे कोरियन लोक वापरतात ते नावही द्या. अशा पत्रात आवृत्ती, पान क्रमांक, जुन्या नकाशाचा पुरावा आणि सुचवलेला नेमका मजकूर हवाच. एकाच मसुद्याच्या शेकडो ईमेल गेल्या, की संपादक त्या न वाचताच बाजूला टाकतो; चिडका सूर तर होत आलेलं काम बिघडवतो. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात याच नावासाठी कोरियन-अमेरिकन मतदारांनी थेट आमदार गाठले. जपानच्या राजदूतांचा विरोध असूनही २०१४ मध्ये पाठ्यपुस्तकांत दोन्ही नावं देण्याचा कायदा झाला.