चर्चा: वैरागडचा खंदक आधी साफ करायचा की आधी मोजायचा?

कंटूर: भुईकोटांवर श्रमदान वाढलंय, चांगलंच आहे. चंद्रपूरच्या परकोटावरची झाडी 2017 मध्ये स्वयंसेवकांनी काढायला घेतली आणि झाकलेला तट लोकांना परत दिसला. आता हाच उपाय गडचिरोलीतल्या वैरागड किल्ल्याला सुचवला जातो: खंदकात जेसीबी उतरवा, गाळ उपसा, पाणी भरा. माझा याला साफ विरोध आहे, आधी खंदक मोजा. तटावरची झाडी काढली तर तट जागेवर राहतो. खंदकातला गाळ काढला तर हातात राहतो नुसता चर, आणि तोही जेसीबीच्या बकेटने ठरवलेल्या आकाराचा.

हा गाळ साधा नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ऐन-इ-अकबरीत अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फजल लिहितो की वैरागडची हिऱ्याची खाण चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजाकडे आहे, आणि हा मुलूख त्याने थोड्याच काळापूर्वी दुसऱ्या जमीनदाराकडून घेतला. म्हणजे खंदक चांदेकरांनी खणला की आधीच्या मालकाने, हा प्रश्न उघडाच आहे. त्याचं उत्तर कुठे असेल तर तळाच्या थरांत.

झाडीपट्टीकर: प्रश्न तुमच्यासाठी उघडा आहे भाऊ, आमच्यासाठी खंदक बंद आहे! घाणेरी आणि बांबू माजला की माणूस आत शिरत नाही. आणि जिथं माणूस शिरत नाही तिथं कचरा शिरते, मग कुंपण, मग कोणाची तरी वाडी. गावातल्या पोराला विचारा खंदक कुठून कुठं जाते, त्याला सांगता येणार नाही. जे दिसतच नाही त्याचा अभिमान कसा वाटावा? शिवाय हिऱ्यांची गोष्ट ऐकून कोणी रात्री कुदळ घेऊन आलं, तर त्याला ही झाडीच आडोसा देते.

ऐन_मोह: झाडी म्हणजे सगळा कचरा, हे गृहीत कशाला धरायचं? मातीचा उतार या मुळांनीच धरून ठेवलाय. गडचिरोलीत वर्षाला 1300 मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. उन्हाळ्यात काठ बोडका केला तर पहिल्याच पावसाळ्यात तो खाली बसेल आणि तुम्ही उपसलेला खंदक परत भरेल. घाणेरी जरूर काढा, ती उपरीच आहे. मोठ्या झाडांना हात लावू नका.

चुनखडी: दोघंही सगळी झाडं एका मापाने मोजताय. मातीच्या काठावरचं मोहाचं झाड काठ धरून ठेवतं. दगडी बांधकामात रुजलेला पिंपळ तेच बांधकाम फोडतो. तो दोर लावून उपटला तर मुळासोबत चिरेही बाहेर येतात. नुसता तोडला तर दुप्पट जोमाने फुटतो. बुंधा कापायचा, खुंटावर औषध लावायचं, मूळ आत मरू द्यायचं आणि पोकळी चुन्याने भरायची. हे हौशी श्रमदानाचं काम नाही. वैरागडचा किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित यादीत आहे, तेव्हा परवानगीशिवाय तिथं फावडंही मारता येत नाही, जेसीबी तर लांबच.

झाडीपट्टीकर: कायदा आम्हालाही माहीत आहे जी. 100 मीटरच्या आत बांधकामाला बंदी, त्यापुढचे 200 मीटर परवानगीचे. गावातल्या माणसाला घराची भिंत वाढवायला कागद लागतात आणि झाडं मात्र बिनकागदी वाढून राहिली. तुमची मोजणी होईल कधी?

कंटूर: एका हंगामात होऊ शकते. मार्चअखेर ते मे या काळात आजूबाजूचा साग निष्पर्ण असतो. गाळ मात्र ओल धरून ठेवतो, त्यामुळे बुजलेल्या खंदकातली उंबर-जांभळासारखी झाडं हिरवी राहतात. जुन्या-नव्या उपग्रहचित्रांत असा हिरवा पट्टा शोधायचा, भूमी अभिलेखच्या गावनकाशावर तो बसतो का बघायचं, मग जागेवर पायी जायचं. मातीचा बांध, एकदम वळणारा उतार, पावसाचं पाणी जिथं रेंगाळतं त्या जागा, सगळ्यांची नोंद करायची. त्यानंतर टोटल स्टेशन (अंतर आणि उंची मोजणारं यंत्र) लावून दर 25 सेंटिमीटर उंचीला एक अशा समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, काढायच्या. यासाठी फक्त खालची झुडपं कमी करावी लागतात, तीही कोयत्याने, मुळं जागेवर ठेवून.

पाणी भरण्याबद्दल एवढंच, की खंदक पाण्याचा होता हे आधी ठरवा. पाणी साचून राहिलं असेल तर तळाशी बारीक, राखाडी, थरांचा चिकट गाळ मिळतो. कोरडा असेल तर काठावरून घसरलेली माती आणि दगडगोटे. खंदक दिसला की त्यात सुसर सोडणारे लेखक आपल्याकडे पुष्कळ आहेत, त्यांचं सोडा.

ऐन_मोह: आणि कोरडा निघाला, तरी पर्यटनासाठी पाणी भरायचंच असं ठरलं तर?

कंटूर: तर शेजारी तलाव खणा. त्याला खंदक म्हणू नका.

झाडीपट्टीकर: ठीक आहे, जेसीबी राहू द्या. पण मोजणीच्या वेळी टेप धरायला गावची पोरं घ्या, आणि तो नकाशा मराठीत, मोठ्या अक्षरांत, किल्ल्याच्या दरवाजाशी लागला पाहिजे. कार्यालयाच्या कपाटात नको. आणि चुनखडी म्हणतात त्या पिंपळांचं काम मोजणीसाठी अडवून ठेवू नका. त्याला कोणाचा विरोध आहे का, ते आधी सांगा.

चुनखडी: माझा नाही. खुंटावरचं औषध पावसाने धुऊन जायच्या आत करा म्हणजे झालं.