परवडणाऱ्या सुट्या भागांतून बहुउपयोगी इलेक्ट्रिक गिटार: रचना कशी ठरवावी?

प्रश्न (गंगापूर रोड, नाशिक)

मी एका वाद्यवृंदात गिटार वाजवतो. एकाच कार्यक्रमात भावगीताला मृदू, स्वच्छ साथ द्यावी लागते, जुन्या चित्रपटगीतांतले टोकदार तुकडे वाजवावे लागतात आणि शेवटच्या अर्ध्या तासात भरपूर डिस्टॉर्शनही लागते. मंडपातल्या छोट्या मंचावर दोन गिटारी सांभाळणे अवघड जाते, म्हणून सुटे भाग घेऊन पंचवीस हजार रुपयांच्या आत एकच गिटार बनवून घेण्याचा विचार आहे. स्ट्रॅटोकास्टरच्या आकाराची बॉडी, स्क्रूने बसणारी तयार मेपलची नेक, पिकअपमध्ये (तारांची कंपने विद्युत संकेतात बदलणारा भाग) ब्रिजजवळ, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात त्या भागाजवळ, हमबकर (दोन कॉइलचा पिकअप) आणि उरलेले दोन सिंगल कॉइल (एकाच कॉइलचे पिकअप), असा आराखडा मनात आहे. बॉडी आपल्याकडच्या लाकडात करावी का, आणि पैसे प्रामुख्याने कशावर खर्च करावेत? आणखी एक अडचण अशी की, सध्याच्या गिटारीत तिन्ही पिकअप सिंगल कॉइल असल्यामुळे डिमरचे दिवे आणि जनरेटर सुरू झाले की ती सतत गुणगुणते.

उत्तर १ (सातपूर)

सर्वाधिक खर्च नेक, ब्रिज आणि नट (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती खाचांची पट्टी) यांवर करावा, असे माझे ठाम मत आहे. पिकअप पुढच्या वर्षीही बदलता येतात. पण फ्रेट (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) असमान असलेली नेक प्रत्येक गाण्यात त्रास देते आणि ती दुरुस्त करून घेण्याची मजुरी स्वस्त पिकअपच्या किमतीपेक्षा जास्त होऊ शकते.

बॉडी कापण्यापूर्वी नेक आणि ब्रिज प्रत्यक्ष हातात असू द्यावेत आणि मापे त्यांच्यावरूनच घ्यावीत. फेंडर (स्ट्रॅटोकास्टर बनवणारी कंपनी) पद्धतीच्या नेकची टाच साधारण ५६ मिलिमीटर रुंद असते आणि बॉडीतील खाच सुमारे १६ मिलिमीटर खोल असते, मात्र स्वस्त नेकमध्ये यात अर्धा-एक मिलिमीटरचा फरक सर्रास आढळतो आणि तेवढ्यानेही नेक डावी-उजवीकडे हलू लागते. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचे अंतर मोजून त्याची दुप्पट करावी: ३२४ मिलिमीटर आले तर स्केल (तारेची वाजणारी लांबी) ६४८ मिलिमीटर, म्हणजे साडेपंचवीस इंच. सर्वांत बारीक तारेचा सॅडल (ब्रिजवर ती तार टेकते तो सरकता तुकडा) जवळजवळ पूर्ण पुढे सरकवून तो या रेषेवर येईल असा ब्रिज आखावा, कारण जाड तारांचे सॅडल सूर जुळवताना मागेच सरकवावे लागतात. ब्रिज स्थिर, म्हणजे हार्डटेल घ्यावा. स्वस्त ट्रेमोलोमुळे (दांडीने हलणारा ब्रिज) सूर उतरतो आणि तुमच्या कामात त्याची गरजही दिसत नाही. औद्योगिक वसाहतीत ज्यांच्याकडे लाकडासाठी सीएनसी राऊटर (संगणकाने चालणारे कापण्याचे यंत्र) आहे, त्यांना अचूक आराखडा दिला तर ते खाचा नेमक्या मापात कापून देऊ शकतील.

उत्तर २ (नाशिक रोड)

मंडपातल्या आवाजाचा विचार केला तर एक हमबकर आणि दोन सिंगल कॉइल ही मांडणी मी सुचवणार नाही. पिकअपच्या खाचांना आतून तांब्याची फॉइल लावून ती ग्राउंडला जोडल्यास डिमरची करकर बरीच घटते. परंतु ट्रान्सफॉर्मर आणि जाड केबल यांच्या चुंबकीय क्षेत्रातून येणारी ५० हर्ट्झची घुमघुम फॉइलने थांबत नाही. ती रद्द होते ती हमबकरमध्येच, कारण त्याच्या दोन कॉइलचे वेटोळे आणि चुंबकाचे ध्रुव एकमेकांविरुद्ध असतात.

म्हणून चार वायरींचे दोन हमबकर, पिकअप निवडण्याचा तीन स्थानांचा स्विच, एक व्हॉल्यूम, एक टोन (दोन्ही ५०० किलोओहमचे) आणि प्रत्येक पिकअपसाठी ऑन-ऑन-ऑन प्रकारचा (तिन्ही स्थानांवर चालू राहणारा) छोटा डीपीडीटी, म्हणजे दुहेरी, स्विच घ्यावा. या छोट्या स्विचवर दोन्ही कॉइल एकामागे एक, फक्त एक कॉइल, किंवा दोन्ही समांतर, अशा तीन जोडण्या मिळतात. त्यातली समांतर जोडणी मला सर्वांत मोलाची वाटते. आठ किलोओहमच्या हमबकरमध्ये प्रत्येक कॉइल सुमारे चार किलोओहमची असते आणि समांतर जोडल्यावर एकूण रोध दोनवर येतो. इंडक्टन्सही तसाच घटत असल्याने आवाज उजळ आणि मोकळा होतो, सिंगल कॉइलच्या बराच जवळ जातो, आणि तरीही घुमघुम रद्दच राहते. भावगीताच्या साथीला नेकचा पिकअप समांतर आणि शेवटच्या गाण्यांना ब्रिजचा पिकअप एकामागे एक, एवढ्यात तुमचा कार्यक्रम निभावेल. आवाज कमी केल्यावर तो बोथट होऊ नये म्हणून व्हॉल्यूमच्या मधल्या आणि इनपुटच्या टोकांवर १५० किलोओहमचा रेझिस्टर आणि एक नॅनोफॅरडचा कपॅसिटर समांतर जोडून टाकावा. या दोन घटकांचा खर्च नगण्य आहे.

प्रश्नकर्ता

समांतर जोडणीचा विचार मी केलाच नव्हता. दोन हमबकरचीच मांडणी ठरवतो. ब्रिजवर तारांचा पसारा, म्हणजे दोन टोकांच्या तारांमधले अंतर, ५२ मिलिमीटरचा आहे. सर्व हमबकर त्याला चालतात का? आणि लाकडाविषयी कोणी सांगू शकेल का?

उत्तर ३ (पंचवटी)

ब्रिजच्या बाजूला पोलचा (प्रत्येक तारेखालचा चुंबकीय खिळा) पसारा ५२ मिलिमीटरच्या आसपास असलेला हमबकर मागावा. नेकजवळ तारा जवळ आलेल्या असतात, तिथे ५० मिलिमीटरचा नेहमीचा चालतो.

लाकडाबद्दल सांगायचे तर, सागवान आपल्याकडे सहज मिळते आणि टिकाऊही आहे. परंतु ते जड पडते आणि त्यातील नैसर्गिक तेलामुळे डिंक व पॉलिश नीट धरत नाहीत, त्यामुळे फळ्या जोडण्याच्या अगदी आधी पृष्ठभाग ॲसिटोनने पुसून घ्यावा लागतो. तीन तास गिटार गळ्यात अडकवून उभे राहायचे असेल तर शिवण किंवा तूण पाहावे. शिवण हलके असते आणि ऋतुमानाने फारसे वाकत नाही; तूण हे महोगनीच्याच कुळातील झाड असून सतारीसाठी त्याचे लाकूड पूर्वापार वापरले जाते. कोणतेही लाकूड घेतले तरी ते पूर्ण वाळलेले असावे, कारण आपल्याकडे पावसाळ्यातील ओल आणि एप्रिलमधील कोरडी हवा यांत फार मोठी तफावत असते. बॉडीची जाडी ४५ मिलिमीटर ठेवावी. पॉलिश झाल्यावर नेकची खाच पुन्हा मोजावी, कारण पॉलिशचा थर आत गेल्यास नेक घट्ट होते आणि जोर लावल्यावर कडेला तडा जातो.